मळा, वाडी आणि सडा : वाशिष्ठी खोऱ्यातल्या नदीपायऱ्यांचं एक प्रकरण

चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला, वाशिष्ठीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची वाडी आहे. मुंबईतली नोकरी आटोपून त्याला गावी घर बांधायचं होतं. जुनं घर वरच्या अंगाला, वाडीत, भावाभावांत वाटलेलं. खालचा मळा मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर, रस्त्याला लागून आणि सपाट. घर मळ्यात बांधायचं त्याने ठरवलं आणि त्याच्या काकींनी त्याला विरोध केला. "मळ्यात कोणी घर बांधलेलं माझ्या सासऱ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं," एवढंच त्या सांगत. जुलै 2021 च्या पुरात मळ्यावर पाणी आलं होतं, पण ते दोन दिवसांत ओसरलं आणि नंतर भातही चांगलं आलं. "सर, तुम्ही एकदा येऊन बघा आणि काय ते सांगा," असा त्याचा फोन आला. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला असं बोलावणं आलं की तो नाही म्हणत नाही.

त्या पाहणीचा हा वृत्तांत. वाडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. घर कुठे बांधावं याचं उत्तर तर मिळालंच, पण ते शोधताना त्या एका वळणावर खोऱ्याचा फार मोठा इतिहास उघडा पडलेला दिसला. कोकणात नदीकाठी दिसणारी प्रत्येक सपाटी एकाच वयाची नसते. काही सपाट्या नदीने कधीच सोडून दिलेल्या आहेत, काही अजून तिच्याच ताब्यात आहेत. हा फरक घर बांधणाऱ्याला कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

जागा

कोकणपट्टीची रुंदी 50 ते 80 किलोमीटर, आणि तिच्या पाठीशी हजार मीटरच्या आसपासचा घाटमाथा. वाशिष्ठी उगमापासून दाभोळच्या खाडीपर्यंत साधारण 70 किलोमीटर वाहते. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे नदी आखूड, वरच्या भागात चढ तीव्र, पाणी अफाट. पायथ्याशी उतार एकदम मोडतो आणि डोंगरातून आलेले धोंडे-गोटे नदी तिथेच टाकायला लागते. ही वाडी नेमकी त्या जागी आहे, कोयनेचं अवजल, म्हणजे वीज केल्यावर सोडलेलं पाणी, वाशिष्ठीला मिळतं त्यापासून दूर, वेगळ्या फाट्यावर. इथे वाहणारं पाणी याच डोंगरावर पडलेल्या पावसाचं आहे. नदीच्या खुणा वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट.

पात्रात उभं राहून वर पाहिलं की चार पातळ्या दिसतात. पहिली उन्हाळ्यात गोट्यांनी भरलेली पात्राची. तिच्यापासून साधारण दोन पुरुष उंचीवर मळा, भाताच्या खाचरांचा. मळ्याच्या मागे एक ठळक चढ, आणि तो चढून आणखी चारेक पुरुष वर गेलं की पुन्हा सपाटी. तिथे वाडी : घरं, आंबा-फणस, देऊळ. वाडीच्या मागून डोंगराचा उतार सुरू होतो. पश्चिमेला खोऱ्याच्या तोंडाकडे नजर टाकली तर दूरवर सड्याची, म्हणजे जांभ्याच्या पठाराची, रेघ दिसते, पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ.

नदी पायरी कशी घालते

नदी दोन कामं करते. पात्र खाली खोदते किंवा बाजूला सरकत काठ खाते. कोणतं काम जास्त होईल हे तिच्याकडे पाणी किती आहे आणि त्या मानाने वाहून न्यायचा माल किती आहे यावर ठरतं. माल जास्त झाला की पात्रात गोट्यांचा थर बसतो, खालच्या कातळाचं रक्षण होतं, आणि नदी खाली जाण्याऐवजी डावी-उजवीकडे फिरत दरी रुंद करते. माल कमी झाला किंवा पाण्याचा जोर वाढला की थर वाहून जातो आणि नदी पुन्हा खाली शिरते. ती खाली गेली की आधीचं रुंद पात्र तसंच वर राहतं. पुराचं पाणी तिथवर पोचेनासं झालं की ती नदीपायरी झाली. पायरीचा माथा म्हणजे जुनं पात्र, आणि कड म्हणजे नदी जिथून खाली उतरली ती जागा.

पायऱ्या दोन जातीच्या असतात. एकीत नदीने कातळ सपाट तासलेला असतो आणि त्यावर गोट्यांचा पातळ थर असतो. तिला कातळपायरी म्हणू. दुसरीत दरी आधी खोल खोदली जाते, मग गाळाने भरते, आणि त्या भरावातच नदी पुन्हा उतरते, ती भरावपायरी. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत काय आहे ते विहिरीत नाहीतर ढासळलेल्या काठातच कळतं. शिवाय दोन्ही तीरांवर एकाच उंचीची पायरी असेल तर कधीकाळी दरीचा सगळा तळ त्या पातळीवर होता असं मानता येतं. एकाच तीरावर असेल तर नदी हळूहळू खाली जाता जाता वळणं बदलत होती, आणि ती पायरी म्हणजे एका वळणाची राहिलेली खूण, एवढंच.

कोकणात यात आणखी एक अडचण आहे, आणि नवखे अभ्यासक इथे हमखास फसतात. सपाटी दिसली की ती नदीचीच, असं इथे मानता येत नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. हे थर आडवे असतात. थराचा टणक भाग टिकतो, पोकळ भुसभुशीत भाग झिजतो, आणि डोंगराला आपोआप पायऱ्या पडतात. नदीचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. दरड कोसळून साचलेला ढीगही माथ्यावर सपाट दिसू शकतो. आणि माणसाने बांध घालून केलेली खाचरं तर सगळीकडेच आहेत. म्हणून पहिला प्रश्न एकच : इथे वाहून आलेले गोल गोटे आहेत का?

वाडीखालच्या कडेला ते होते. वाडीत जायच्या पायवाटेने चढ कापला गेला आहे तिथे छातीइतक्या उंचीचा गोट्यांचा थर उघडा आहे. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले, आणि सगळ्यांचा कल उगमाकडे. वाहतं पाणी चपटे दगड असेच लावतं. दरडीच्या ढिगात अशी मांडणी होत नाही. या थराच्या खाली काळा कातळ, वरून बऱ्यापैकी सपाट. म्हणजे वाडी कातळपायरीवर बसली आहे. समोरच्या तीरावरही डोळ्यांच्या अंदाजाने त्याच उंचीला दुसरी सपाटी आहे, आणि तिथल्या बांधांत रचलेले दगडही गोलच आहेत. कधीकाळी नदी या सगळ्या रुंदीत फिरत होती.

मळ्यात काय सापडलं

खरी गंमत मळ्यात होती. 2021 च्या पुरात नदीने मळ्याचा एक कोपरा खाल्ला, आणि तिथे काठ सरळ उभा कापला गेला आहे. तळाशी टणक गोटे, त्यावर जाड रेती. मग हातभर जाडीचा एक विचित्र थर : टोकदार, न घासलेले दगड, मोठे-लहान सगळे एकत्र, तांबड्या चिखलात रुतलेले. हा नदीने निवडून लावलेला माल नाही. डोंगराच्या उतारावरून चिखलासकट एका दमात आलेला लोंढा आहे. त्याच्यावर पुन्हा रेती, आणि वर पुरुषभर पोयटा, म्हणजे बारीक गाळमाती, त्यात पातळ पातळ पट्ट्या. एकेक पट्टी म्हणजे मळ्यावर आलेला एकेक मोठा पूर. सगळ्यात वरची पट्टी 2021 ची, कारण तिच्यात गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकचे तुकडे अडकलेले आहेत. त्या पट्टीखाली आणखी कितीतरी पट्ट्या आहेत, आणि काकींच्या सासऱ्यांच्या पाहण्यातला काळ त्यांतल्या वरच्या थोड्यांतच मावतो.

मळ्यात एक विहीरही आहे, उन्हाळी भाजीसाठी खणलेली. ती खणणारे गडी अजून गावात आहेत. ते सांगतात की नदीच्या उन्हाळी पाण्याच्या पातळीखाली बऱ्याच खोलवर गेलं तरी गोटेच निघत होते, कातळ लागलाच नाही. हे ऐकल्यावर मी त्या विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ बसलो. वाडीखाली कातळ नदीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ वर आहे, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, मळ्याखाली, तो नदीच्या तळापेक्षाही खाली आहे. याचा अर्थ नदी एके काळी आजच्यापेक्षा खोल उतरली होती. मग ती दरी भरत आली, मळ्याच्या पातळीपर्यंत. आणि आता तीच नदी त्या भरावात पुन्हा उतरते आहे.

वयाचा अंदाज गोटेच देतात. मळ्यातला गोटा गोट्यावर आपटला की टणकन आवाज येतो. वाडीखालच्या थरातल्या गोट्याला कोयतीची पाठ मारली की त्याचा भुगा होतो. कित्येकांना बाहेरून पिवळी-तांबडी साल आली आहे आणि आत सुपारीएवढाच काळा दगड उरला आहे. कोकणातल्या पावसात काळा दगड लवकर कुजतो हे खरं, तरी असा कुजायला हजारो वर्षं लागतात. दोन्ही थरांवर पाऊस तोच, दगडही तोच. म्हणून कुजण्यातला फरक हा वयातला फरक मानायला हरकत नाही. किती वर्षांचा, ते यावरून सांगता येत नाही. आधी कोणता आणि नंतर कोणता, हे मात्र ठामपणे सांगता येतं.

वाडीतले एक आजोबा म्हणाले की 1967 च्या भूकंपात जमीन खाली-वर झाली, त्यातून हे झालं असेल. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप या भागात कोणी विसरलेलं नाही. पोफळी-अलोऱ्याच्या परिसरात त्याच्या आठवणी घरोघरी आहेत. पण साल आलेले गोटे पन्नास-साठ वर्षांत तसे होत नाहीत, आणि त्याच चढावर भूकंपाच्या आधीपासून उभी असलेली झाडं आहेत. आजोबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग हे आमच्या देवळापेक्षा जुनं." त्यांनी अगदी बरोबर माप लावलं होतं.

कारण कोणतं

आता अवघड भाग. नदी आधी खोल उतरली, मग भरली, मग पुन्हा उतरली. का?

समुद्र हा पहिला संशयित. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरात बर्फ साठल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या कितीतरी पश्चिमेला होता. मग बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि साधारण 6,000 ते 7,000 वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ स्थिरावला. मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीखाली चिखलात मुळांसकट उभी खैराची झाडं सापडली होती, ती याच बुडालेल्या किनाऱ्याची साक्ष. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या म्हणजे समुद्र आत शिरून बुडालेल्या नदीदऱ्याच आहेत. वाशिष्ठीत भरतीचं पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येतं, आणि म्हणून तिथे बंदर होतं.

समुद्र खाली गेला की नदीची तळपातळी खाली जाते, म्हणजे ती ज्या पातळीपर्यंत खोदू शकते ती मर्यादा सरकते. मग मुखाशी खोदणं सुरू होऊन ते वरच्या अंगाला सरकत येतं. हे पुस्तकी उत्तर. कोकणात ते जसंच्या तसं लावता येत नाही. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार मंद उताराचा आहे आणि सुमारे 300 किलोमीटर दूरपर्यंत उथळ आहे. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद होत जातो. तळ इतका मंद असला की समुद्र मागे हटल्यावर नदी खोदण्यापेक्षा नुसती लांबत जाते. शिवाय खालून वर सरकणारी खोदाई टणक कातळाच्या प्रत्येक उडीपाशी अडते. आणि समुद्र परत चढल्यावर होणारं भरणं मुख्यतः भरतीच्या हद्दीत आणि तिच्या जरा वर होतं. आमची वाडी चिपळूणच्याही पुष्कळ वर, डोंगराच्या तोंडाशी. तिथपर्यंत समुद्राचा हात पोचला असेल असं मला वाटत नाही. चिपळूणच्या खाली मात्र समुद्रच मुख्य कारण असणार.

दुसरा संशयित जमिनीचं उचलणं. घाट झिजतो, झिजलेल्या मालाचं ओझं उतरतं, आणि त्याखालची जमीन फार सावकाश वर येते. कोकणात हे होत आलं आहे आणि मोठ्या काळाचा विचार केला तर त्याला पर्याय नाही. त्याच्याकडे पुढे येतो. पण ते एकाच दिशेने चालतं. खोदणं, भरणं, पुन्हा खोदणं असा हेलकावा त्यातून निघत नाही.

तिसरं कारण पाऊस आणि डोंगराचा उतार यांचं, आणि माझा कौल त्याला आहे. हिमयुगात आपला मोसमी पाऊस कमजोर होता. डोंगरावरचं रान विरळ होतं आणि कुजलेला दगड उतारावरच साठून होता. पुढे पाऊस जोमाने परतला तेव्हा ते सगळं सैल झालेलं एकदम खाली आलं. नदीला तो माल झेपला नाही आणि दरी भरली. मग उतारावर दाट रान माजलं, माती धरली गेली, माल कमी झाला, पाणी मात्र तेवढंच राहिलं. नदी पुन्हा खोदायला लागली. मळ्याच्या काठातला तो टोकदार दगडांचा तांबडा थर या बाजूने बोलतो. भरण्याच्या काळात डोंगरावरून लोंढे येत होते हे तो दाखवतो. समुद्र चढल्यामुळे भरलेल्या दरीत खालून वर बारीक गाळ जास्त दिसायला हवा. इथे तळापासून जाड माल आहे.

घाटापलीकडे, देशावर, याच्याशी ताडून पाहण्यासारखा पुरावा आहे. प्रवरा, घोड, मुळा-मुठा, कुकडी यांच्या काठचे जाड गाळथर डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासले. तिथे वेळ थोडी वेगळी, पण सूत्र पावसाचंच : नद्या हिमयुगाच्या काळात गाळ भरत होत्या आणि पाऊस जोमाने परतल्यावर त्याच गाळात खोल उतरल्या, असं चित्र पुढे आलं. कुकडीच्या काठी बोरीला तर गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि तिचं वय काय यावर मोठा वाद झाला. देशावर नद्यांचा उतार मंद आणि पाऊस कमी, म्हणून ते थर टिकले. कोकणात दर पावसाळ्यात उतारावरची माती सरकते आणि पायऱ्या झाकल्या तरी जातात किंवा खाल्ल्या तरी जातात. म्हणूनच जे थोडं उरलं आहे ते जपून वाचायला हवं.

सडा : सगळ्यात वरची पायरी

वाडीतून दिसणाऱ्या त्या सरळ रेघेकडे येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा म्हणजे जांभ्याचं पठार. समुद्रसपाटीपासून दीडशे-दोनशे मीटरपर्यंतच्या उंचीवर, वर उघडा कातळ, पावसाळ्यात रानफुलांनी भरलेला, आणि अनेक ठिकाणी कातळशिल्पं कोरलेला. जांभा कसा होतो ते लक्षात घेतलं की सडा वेगळाच दिसू लागतो. उष्ण, ओल्या हवेत, जवळजवळ सपाट जमिनीवर, भूजल वर-खाली होत राहतं, दगडातली सिलिका धुपून जाते आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं. याला सखल, मंद उताराची जमीन आणि फार मोठा निवांत काळ लागतो. म्हणजे आज माथ्यावर असलेला सडा जांभा होताना सखल होता. त्या काळच्या नद्या जवळपास त्याच्याच पातळीवर वाहत होत्या. पुढे जमीन उचलली गेली, नद्या खाली शिरल्या, भूजल उतरलं, आणि सुकलेला जांभा कडक कातळ झाला. आज शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण या सड्यांना चिरत समुद्राकडे जातात, त्या खोल दऱ्या तेव्हापासूनच्या.

काटेकोर बोलायचं तर सड्याला नदीपायरी म्हणता येणार नाही. एका नदीने घातलेली ती सपाटी नाही, सगळ्या किनारपट्टीची झिजून झालेली जमीन आहे. पण खोऱ्याची गोष्ट सांगताना त्याला सोडता येत नाही. वर सडा, मधे वाडी, खाली मळा, आणि गोवळकोटच्या पुढे खाडीच्या चिखलाखाली पुरलेला जुना दरीतळ. सड्यापासून वाडीपर्यंतचं अंतर लाखो वर्षांच्या उचलीचं, आणि वाडी ते मळा हे पावसाच्या हेलकाव्याचं. खाडीखालचा तळ समुद्राचा हिशोब ठेवून आहे. तिन्ही कारणं खरी आहेत, फक्त प्रत्येकाचा मजला वेगळा. शाळा-कॉलेजात आपण ती एका उत्तरात कोंबतो आणि मुलांना वाटतं की कोणतं तरी एकच बरोबर असेल.

वय काढायचं तर

वर्षांत वय काढणं इथे कठीण आहे, आणि ते का हे सांगितलं पाहिजे. पोयट्यात कोळशाचा तुकडा सापडला तर कार्बन-14 ने सुमारे 50,000 वर्षांपर्यंत मागे जाता येतं. पण कोकणच्या ओल्या मातीत लाकूड टिकत नाही, आणि वरून वाहून आलेला कोळसा थरापेक्षा जुना असू शकतो. दुसरी पद्धत, वाळूच्या कणाने शेवटचा उजेड कधी पाहिला ते मोजण्याची. तिला मुख्यतः क्वार्ट्झचे कण लागतात, आणि काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. पोकळ्यांत बसलेले गारेचे खडे असतात, पण त्यांच्यावर विसंबणं बरं नाही. फेल्डस्पार हे दुसरं खनिज वापरता येतं, मात्र त्याची साठवलेली खूण काळाबरोबर थोडी पुसली जाते आणि ती दुरुस्ती करावी लागते. शिवाय गढूळ पुरात, एवढ्या आखूड प्रवासात, कणाला नीट ऊन लागतंच असं नाही. सिंधुदुर्गाकडे परिस्थिती बरी आहे. तिथे लाव्हाच्या खालचे जुने खडक, कलादगीचे वाळूचे दगड, ग्रॅनाइट वर आलेले आहेत, नद्यांच्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर आहे. एखाद्या विद्यापीठाने कोकणच्या पायऱ्यांवर काम काढायचं ठरवलं तर मी सुरुवात कर्ली आणि तेरेखोलच्या खोऱ्यांपासून करायला सांगेन.

एक स्वस्त मार्ग मात्र सगळीकडे खुला आहे. खाड्यांवर आणि नद्यांवर पूल होतात तेव्हा पायासाठी भोकं पाडतात, आणि किती खोलीवर गाळ, किती खोलीवर कातळ याच्या नोंदी होतात. त्या कागदांत बुडालेल्या दऱ्यांचे छेद पडून आहेत. विहिरी खणणारे गडी आणि बोअरवाले यांच्या आठवणी तर अजून स्वस्त. एका मळ्यातल्या एका विहिरीने या प्रकरणाचा अर्धा निकाल दिला.

एक सावधगिरी. अलीकडच्या छोट्या पायऱ्या वाचताना माणसाचा हात विसरू नये. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेच्या खोऱ्यातलं. वीज करून ते वाशिष्ठीत सोडलं जातं, त्यामुळे तिच्या खालच्या भागात बारमाही पाणी आहे. रेती-गोटे उपसल्याने पात्र काही ठिकाणी खाली गेलं आहे, आणि 2021 नंतर चिपळूणच्या आसपास गाळ काढण्याचं मोठं काम झालं. तिथे पात्राच्या कडेला दिसणारी पुरुषभर पायरी नदीची असेल किंवा पोकलेनची.

घराचं काय झालं

विद्यार्थ्याला मी मळ्याच्या काठातल्या पट्ट्या दाखवल्या. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो तेव्हा निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या लहान नदीसाठी तसा नकाशा नव्हता. पण पोयट्याच्या पट्ट्यांनी तेच काम केलं, आणि शंभर वर्षांपेक्षा मोठ्या काळाचं केलं. मळा अजून पायरी झालेला नाही. नदी त्याच्यात उतरायला लागली आहे, पण मोठ्या पुरात ती अजून त्याच्यावर येते आणि गाळ टाकते. म्हणूनच तिथे भात पिकतं. वाडीच्या पायरीवर मात्र कुजलेल्या गोट्यांच्या वर पुराच्या गाळाची ताजी पट्टी कुठेच नाही. काकींच्या घराण्याने हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं होतं : नदीने सोडलेल्या जमिनीवर घर, नदीच्या जमिनीवर शेत.

"म्हणजे काकीचं खरं," तो म्हणाला. काकी काही बोलल्या नाहीत, चहा आणायला आत गेल्या.

मग घराची जागा वाडीच्या पायरीवर पाहिली. तिथेही दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. पहिली कडेपासूनचं अंतर. गोट्यांचा थर पाणी धरतो, मुसळधार पावसात जड होतो आणि उघडी पडलेली कड ढासळू शकते. पायवाटेशेजारी तसे दोन जुने ओरखडे दिसतही होते. घर कडेपासून बरंच मागे, परसाकडे ढकललं, आणि पागोळ्यांचं पाणी कडेकडे न सोडता बाजूच्या पऱ्यात, म्हणजे लहान ओढ्यात, काढायचं ठरलं.

दुसरी गोष्ट त्या चढावरच्या झऱ्याची. वाडीतला जुना पाणवठा नेमका गोट्यांचा थर आणि कातळ जिथे भेटतात त्या रेषेवर आहे. पावसाचं पाणी गोट्यांतून खाली मुरतं, कातळाला अडतं आणि कातळाच्या माथ्यावरून सरकत चढावर बाहेर येतं. घराच्या नकाशात शोषखड्डा घराच्या मागे, बरोबर या पाणवठ्याच्या वरच्या अंगाला दाखवला होता. त्यात जे सोडलं असतं ते गोट्यांच्या थरातून फारसं न गाळलं जाता थेट वाडीच्या पाण्यात उतरलं असतं. खड्ड्याची जागा बदलून पऱ्याच्या बाजूला, पाणवठ्यापासून दूर आणि खालच्या अंगाला घेतली. मिस्त्रीने खणताना मध्येच काम थांबवून फोन केला, कारण साल आलेले गोटे संपून कातळ लागला होता. तो कातळही पऱ्याकडेच कललेला निघाला, आणि खड्डा तिथेच पक्का झाला.